पाठीशी बांधलेले मूल

झाशीचे नाव काढले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. झेपावणारा घोडा, उगारलेली तलवार आणि राणीच्या पाठीशी शेल्याने घट्ट बांधलेले एक लहान मूल. शालेय पुस्तकांनी, दिनदर्शिकांनी आणि गावोगावच्या चौकांतील पुतळ्यांनी हे चित्र आपल्या मनावर इतके ठसविले आहे की, ते आपण आता पाहत नाही, केवळ ओळखतो. घोडा ओळखतो, तलवार ओळखतो, राणीच्या मुद्रेवरचे तेज ओळखतो. पाठीवरच्या त्या मुलाकडे मात्र सहसा कोणाची नजर थांबत नाही. राणीच्या पराक्रमाला मातृत्वाची जोड मिळावी म्हणून ते चित्रात आहे, अशीच जणू आपली समजूत असते. पण ते मूल खरे होते. त्याला नाव होते, वय होते. आणि ज्या रात्री किल्ला सोडावा लागला त्या रात्री त्याला भीती वाटली असली पाहिजे, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

त्या मुलाचे मूळ नाव आनंदराव. नेवाळकरांच्याच कुळातील वासुदेवरावांचा तो मुलगा. गंगाधररावांनी त्याला २० नोव्हेंबर १८५३ रोजी दत्तक घेतले, त्याचे नाव दामोदरराव ठेवले, आणि दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले. मुलाचे वय तेव्हा अवघे चार-पाच वर्षांचे. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, डलहौसीने दत्तकविधान नामंजूर करून झाशीचे राज्य खालसा केले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने शहराला वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी इंग्रजी फौज शहरात शिरली आणि राणी मोजक्या स्वारांनिशी रातोरात बाहेर पडली. काल्पी झाली, ग्वाल्हेर झाले, आणि जून १८५८ मध्ये राणी रणांगणावर पडली. दामोदरराव तेव्हा दहा वर्षांचेही झालेले नव्हते. पाच वर्षांच्या अवधीत जन्माचे घर, दत्तक पिता, राज्य, गाव आणि शेवटी आई, इतके सारे त्या बालकाच्या हातून निसटले. इतिहासाने लढाया लिहिल्या, तोफांची संख्या लिहिली, खलिते लिहिले. मुलाचे भय लिहिण्याची त्या काळी कोणास गरज वाटली नाही.

आजही ती गरज आपल्याला फारशी वाटत नाही, आणि म्हणूनच हा विषय मी श्रोत्यांपुढे मांडीत आहे. वेढा पडलेल्या शहरात वाढण्याचा प्रसंग सुदैवाने आपल्या बहुतेक मुलांवर येत नाही. पण भीती त्यांनाही वाटते. अंधाराची वाटते, कुत्र्याची वाटते, मास्तरांची वाटते, वर्गात उभे राहून वाचण्याची वाटते. मोठ्यांच्या मोजमापाने ह्या भीती क्षुल्लक आहेत. मुलाजवळ मात्र मोठ्यांचे मोजमाप नसते.

आपल्या मराठी भाषेने भीतीचे प्रकार फार बारकाईने ओळखले आहेत. आपण दचकतो, बुजतो, एखाद्या गोष्टीचा बाऊ करतो, धास्ती घेतो, आणि कधी कधी आपल्याला धसका बसतो. हे शब्द आपण सैलपणे वापरतो. पण मुलाच्या वाढीच्या क्रमाने ते मांडले तर त्यांतून बालमानसशास्त्राचा एक चांगला धडा तयार होतो.

पहिले दचकणे. हे जन्मजात आहे. पाळण्यातले मूल भांडे पडल्याच्या आवाजाने अंग झाडते, एकदम खाली घेतले तर हात फैलावते. त्याला कोणी शिकविलेले नसते. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. धोक्याची वर्दी देणे हे त्याचे मुख्य काम. वर्दी मिळताच हृदय वेगाने चालू लागते, स्नायू ताठ होतात, पोटातले पचन मंदावते, तोंडाला कोरड पडते. पळावे किंवा झुंजावे ह्यासाठी शरीराने केलेली ही सिद्धता होय. ती नसती तर मनुष्यजात टिकली नसती. तेव्हा भीती ही मुळात दुर्बलता नव्हे. ती जीवाची राखणदार आहे. राखणदार घरातल्यांवरच भुंकू लागला म्हणजे मात्र विचार करावा लागतो.

दुसरे बुजणे. सात-आठ महिन्यांपर्यंत कोणाच्याही कडेवर हसत जाणारे मूल एकाएकी परक्या माणसाला पाहून रडू लागते, आणि पाहुण्यांपुढे आईला ओशाळल्यासारखे होते. वस्तुतः ती आनंदाची गोष्ट आहे. आपले कोण आणि परके कोण हे मुलाला कळू लागल्याची ती खूण आहे. त्याच्याच पुढची पायरी म्हणजे आई दृष्टीआड होताच होणारा आकांत. आई गेली की ती परत येते, हे ज्ञान मुलाला अनुभवानेच येते, आणि त्या अनुभवाला काही महिने, क्वचित काही वर्षे लागतात. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी चालणारा जो गोंधळ आपण जून महिन्यात पाहतो, त्याच्या मुळाशी बहुधा हेच असते. ते रडणे शाळेविरुद्ध नसते. ते ताटातुटीविरुद्ध असते.

तिसरा बाऊ. तीन ते सहा वर्षांच्या सुमारास मुलाची कल्पनाशक्ती फुलते आणि तिच्याबरोबर कोपऱ्यातला काळोखही वस्तीला येतो. खुंटीवरचा अंगरखा माणूस होतो, माळ्यावरचा उंदीर राक्षस होतो. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे ह्यांनी लहान मुलांना, स्वप्न कोठून येते, असा साधा प्रश्न विचारला होता. लहान वयाच्या मुलांनी उत्तर दिले की, ते बाहेरून येते आणि खोलीतच असते. स्वप्न आपल्याच मनात घडते हे मुलांना पुढेच नीट उमगते. हे ध्यानात घेतले म्हणजे, ‘अरे, ते नुसते स्वप्न होते’ हे आपले समजावणे मध्यरात्री का फुकट जाते ते कळते. आपल्या दृष्टीने ‘नुसते’ असलेले स्वप्न मुलाच्या दृष्टीने अजून पलंगाखालीच बसलेले असते.

ह्या वयातली भीती बहुतेक वेळा वयाबरोबर ओसरते. परंतु आपण मोठी माणसे तिला ओसरू देत नाही, कारण ती आपल्या उपयोगाची असते. जेवत नाही, बागुलबुवाला बोलावू. झोपत नाही, झोळीवाला घेऊन जाईल. हट्ट करते, पोलीस पकडून नेतील. डॉक्टर सुई टोचतील, मास्तर कोंडून ठेवतील. ज्या ज्या माणसांचा आधार संकटकाळी घ्यायचा, नेमक्या त्याच माणसांची आपण मुलाला धास्ती घालतो. पुढे तेच मूल जत्रेत चुकले तर शिपायाकडे न जाता त्याच्यापासून लपून बसेल, हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. भीतीने काम लवकर होते हे खरे. पण ते कर्जाऊ काढलेले काम आहे, आणि व्याज मुलाला भरावे लागते.

भीती शिकविता येते, हे अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर ह्यांनी १९२० मध्ये एका प्रयोगाने दाखविले. अकरा महिन्यांच्या एका बालकापुढे ते पांढरा उंदीर ठेवीत. बालक त्याला हात लावू लागले की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करीत. थोड्याच खेपांत नुसता उंदीर पाहून बालक रडू लागले. पुढे पुढे ते सशाला, कुत्र्याला, फरच्या कोटालादेखील भिऊ लागले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग कोणी करू धजणार नाही. त्या बालकाची भीती प्रयोगकर्त्यांनी दूर केली नाही, हा त्यांच्यावरचा आक्षेप कायमचा राहिला. तथापि त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. मूल ज्याला भिते ती वस्तू आणि मुळातली भीतीदायक गोष्ट ह्या भिन्न असू शकतात. गणिताच्या पुस्तकाला भिणारे मूल गणिताला भीत असेलच असे नाही; त्या पुस्तकाच्या पाठीमागे कधी काळी वाजलेल्या हातोड्याला ते भीत असेल.

जी भीती शिकविता येते ती विसरविताही येते. चारच वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स ह्या विदुषीने पीटर नावाने ओळखल्या गेलेल्या एका तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला सशाची विलक्षण भीती होती. जोन्सबाईंनी त्याला धीट होण्याचा उपदेश केला नाही, की ससा त्याच्या मांडीवर आदळला नाही. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीच्या लांबच्या टोकाला, पिंजऱ्यात ठेवला जाई. दिवसेंदिवस तो थोडा थोडा जवळ आणला जाई. सशाला न भिणारी इतर मुलेही कधी जवळ खेळत असत. शेवटी पीटर स्वतःच सशाला कुरवाळू लागला. भीतीच्या आधुनिक उपचाराचा पाया ह्या साध्या गोष्टीत आहे. आपल्या आज्यांना ती प्रयोगावाचून ठाऊक होती. अंधाऱ्या माजघरातून तांब्या आणायला नातवाला पाठविताना आजी पहिल्या दिवशी बरोबर जाई, दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात उभी राही, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातूनच ‘मी आहे रे इथे’ म्हणून बोलत राही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, ही म्हण आपण भित्र्याची टर उडविण्यासाठी वापरतो. पण तिच्यात शास्त्र आहे. ज्याच्यापासून आपण पळतो ते पाठीमागे मोठे होत जाते. म्हणून मुलाला भीतीच्या खाईत ढकलणे जितके चूक, तितकेच त्याला भीतीपासून कायमचे पळू देणेही चूक. त्याच्या बरोबरीने एकेक पाऊल पुढे जाणे, एवढीच मधली वाट आहे.

आता शेवटच्या आणि सर्वांत गंभीर शब्दाकडे, म्हणजे धसक्याकडे वळू. एखादा अपघात, आग, पूर, घरातले मरण, मारहाण किंवा दंगल ह्यांनी मनावर जो घाव बसतो त्याला आपण धसका म्हणतो. १८५८ च्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीतच अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या, १९०७ मध्ये छापून निघालेल्या, वृत्तान्तात शहरावर पडणाऱ्या गोळ्यांचे आणि शहर पडल्यानंतरच्या कत्तलीचे वर्णन आहे. मोठी, शहाणी, देशोदेशी फिरलेली माणसे त्या दिवसांत भयाने कशी सैरभैर झाली होती हे त्यात वाचावयास मिळते. मग मुलांची काय कथा?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा योग दुसऱ्या महायुद्धात लंडन शहरात आला. १९३९ मध्ये लाखो इंग्रज मुलांना बाँबहल्ल्याच्या भीतीने शहराबाहेर, अनोळखी कुटुंबांत हलविण्यात आले. लंडनमध्येच राहिलेल्या मुलांसाठी ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम ह्या दोघींनी हॅम्पस्टेड भागात शिशुगृहे चालविली आणि तेथील निरीक्षणे १९४३ पर्यंत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांना जे आढळले ते सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध होते. बाँब पडत असताना जी मुले आईच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या कुशीत होती, ती बहुधा लवकर सावरत. सुरक्षित खेड्यात पण आईवाचून राहिलेली मुले मात्र पुष्कळदा अधिक खचलेली दिसत. आई स्वतः भयाने थरथरत असेल तर मूलही थरथरे. आई शांत असेल तर स्फोटाच्या आवाजातही मूल झोपी जाई. म्हणजे मूल धोक्याचे माप बाहेरच्या आवाजावरून घेत नाही. ते ज्याच्या अंगाला बिलगलेले असते त्याच्या श्वासावरून घेते.

हे वाचल्यावर राणीच्या पाठीवरच्या मुलाचे चित्र मला निराळे दिसू लागले. परंपरेने जपलेला तो शेला केवळ युद्धाची सोय नव्हता. भयाच्या परिसीमेत मुलाला जे एकच औषध लागू पडते, तेच त्याला त्या रात्री मिळाले होते. आणि राणीच्या मृत्यूनंतर? रामचंद्रराव देशमुख, रघुनाथसिंग ह्यांच्यासारख्या निष्ठावंतांनी त्या पोराला सोडले नाही. सुमारे दोन वर्षे ही मंडळी रानावनांतून, उपासमारीत आणि आजारपणात, त्याला सांभाळीत फिरत राहिली. १८६० मध्ये दामोदरराव इंदूरला पोहोचले. इंग्रज सरकारने त्यांना सालिना दहा हजार रुपये नेमणूक दिली. राज्य परत मिळाले नाही. पण शिक्षण मिळाले, संसार झाला, आणि १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा वंश इंदुरात पुढे नांदला.

हवाई बेटांपैकी कावाई ह्या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर ह्या संशोधिकेने अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील भांडणे, आईबापांचे आजार अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे उत्तम, कर्ती, प्रेमळ माणसे झाली. ती कशाने तरली, ह्याचा शोध घेता बहुतेकांच्या आयुष्यात निदान एक तरी माणूस असे आढळले की, ज्याने त्यांच्यावर खंड न पडता माया केली होती. ते माणूस आईबापच असे असे नाही. कधी आजी, कधी शेजारीण, कधी शिक्षक. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्यापैकी प्रत्येकावर एक जबाबदारी टाकतो. एखाद्या मुलाच्या आयुष्यातील ते एक माणूस आपण असू शकतो.

आता शाळेकडे येऊ. शाळेत गेलेल्या मुलाची भीती म्हणजे मुख्यतः धास्ती. बाऊ अंधारात बसलेला असतो. धास्ती उद्याच्या वेळापत्रकात बसलेली असते. उत्तर चुकेल, मुले हसतील, शिक्षक सर्वांदेखत बोलतील, वही घरी विसरली हे उघडकीस येईल, असे ते भय असते. हे भय मूल शब्दांनी सांगत नाही, पोटाने सांगते. सकाळी सात वाजता पोट दुखते, दहाला शाळेची वेळ टळली की थांबते; रविवारी दुखत नाही, दिवाळीच्या सुटीत दुखत नाही. घरातील माणसे म्हणतात, ढोंग करतो. पण ते ढोंग नसते. भीतीने पचनाचे स्नायू खरोखर आवळले जातात आणि खरोखर कळ येते. मुलाच्या पोटात दुखते हे खरे; दुखण्याचे कारण पोटात नसते, एवढेच.

कामाच्या निमित्ताने निरनिराळ्या प्राथमिक शाळांत जाण्याचा मला प्रसंग येतो. सरकारी अधिकारी वर्गात शिरला की चाळीस मुले एकदम उभी राहतात आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. शिक्षक समाधानाने पाहतात. अधिकाऱ्याच्या शेऱ्यात ‘शिस्त उत्तम’ असे लिहिले जाते. त्या शांततेचे दोन प्रकार असतात. एका शांततेत मुले पाहुण्याकडे कुतूहलाने पाहतात, आणि प्रश्न विचारला की पाच-सहा हात वर येतात. दुसऱ्या शांततेत मुले शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहतात, आणि उत्तर येत असलेले मूलही मान खाली घालते. पहिली शिस्त, दुसरी धास्ती. शेऱ्याच्या वहीत दोन्हींसाठी एकच रकाना असतो.

धास्तीचे नुकसान केवळ मनाचे नाही, विद्येचेही आहे. मनात एका वेळी थोडेच मावते. हिशेब करताना आकडे धरून ठेवणारी मनाची जी ओंजळ आहे, ती भीतीनेच भरून गेली तर आकडे सांडतात. मुलाला येत असलेला पाढा फळ्यापुढे आठवत नाही, ह्याचे कारण हेच. मग त्याला मंद म्हणतात, आळशी म्हणतात. शिक्षा होते, भीती वाढते, ओंजळ आणखी भरते. हे चक्र मुलाला स्वतःहून थांबविता येत नाही. ते थांबविणे मोठ्यांच्याच हाती आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांच्या वाट्याला ह्यात आणखी एक भर येते. झाशीत नेवाळकरांच्या काळापासून राहिलेली आणि पुढे रेल्वेच्या नोकरीने आलेली मराठी कुटुंबे आहेत; राणीचा विवाह जेथे झाला त्या गणेशमंदिरात त्यांचा गणेशोत्सव असतो. अशा घरातले मूल घरी मराठी बोलते, गल्लीत बुंदेली ऐकते, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शिकते. मोठेपणी ही तीन-चार भाषांची श्रीमंती ठरते. पण पाच वर्षांचे मूल वर्गात पाण्यासाठी चुकून मराठी शब्द वापरते आणि सगळा वर्ग हसतो, तेव्हा त्याला ती श्रीमंती वाटत नाही. काही मुले त्यानंतर आठवडेच्या आठवडे गप्प होतात. बडोदे, इंदूर, हैदराबाद, दिल्ली, किंबहुना परदेशी गेलेल्या कुटुंबांनाही हा अनुभव नवा नसावा. अशा वेळी ‘घरी मराठी बोलू नकोस’ हा उपाय उलटा आहे. ज्या भाषेत मूल आपली भीती सांगू शकते तीच भाषा काढून घेतली, तर भीती बोलणार कशात?

मुलांना भीतीवाचून शिकविता येते, हे आपल्याकडेच पूर्वी सिद्ध झालेले आहे. भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी मुलांना दटावले नाही. त्या शाळाच वस्तीवर, घरांच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणावरच शाळा भरविली. ओळखीचे अंगण, ओळखीची झाडे, शेजारी धाकटे भावंड. मग अक्षर तेवढे अनोळखी उरते, आणि एका अनोळखी गोष्टीला मूल भीत नाही. आज देशभर गावोगावी चालणाऱ्या अंगणवाडीच्या नावामागे हा इतिहास आहे.

कायदाही आता मुलाच्या बाजूला आहे. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. ह्यातील ‘मानसिक’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. छडी हातातून गेली, पण जिभेवर राहिली, तर कायद्याचा हेतू अर्धाच साधला. जिभेवरची छडी काढणे हे कायद्याच्या आटोक्यातले काम नाही. ते शिक्षकांच्या आणि पालकांच्या अंतःकरणाचे काम आहे.

मग घरी काय करावे? पहिली गोष्ट, मुलाच्या भीतीला हसू नये आणि ती नाकारूही नये. ‘त्यात काय भ्यायचे’ ह्या वाक्याने भीती जात नाही. मूल ती सांगायचे सोडते. त्याऐवजी, ‘तुला भीती वाटते आहे, होय ना? काय वाटते सांग,’ असे म्हणावे. भीतीला नाव मिळाले की तिचा आकार लहान होतो. दुसरी गोष्ट, आपली स्वतःची भीती सांभाळावी. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलापेक्षा अधिक बेचैन झालेले आईबाप मुलाला धीर देऊ शकत नाहीत. तिसरी गोष्ट, दिवसाच्या शेवटी एक ठरलेली, शांत वेळ राखावी. पूर्वी दिवेलागणीला रामरक्षा म्हटली जाई. तीत भक्ती होतीच, पण रोज त्याच वेळी, त्याच माणसांच्या सोबतीत, तोच स्वर कानी पडणे हा मुलाला केवढा दिलासा होता! ज्याची त्याची श्रद्धा असेल तसे करावे. गोष्ट सांगावी, ओवी म्हणावी, दिवसभराची हकीकत विचारावी. पण ती वेळ चुकवू नये. राक्षसाच्या गोष्टीला मात्र भिण्याचे कारण नाही. राक्षस शेवटी हरतो आणि सांगणाऱ्याची मांडी ऊबदार असते, तोवर ती गोष्ट मुलाला भीती पचवायलाच शिकविते.

कधी कधी एवढ्याने भागत नाही. भीती काही आठवडे उलटून, महिना लोटूनही कमी होत नसेल. तिच्यामुळे झोप, जेवण, शाळा किंवा खेळ सुटत असेल. सुटलेली बिछान्यात लघवी करण्याची सवय परत आली असेल. मूल बोलेनासे झाले असेल, किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा काढीत असेल, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास संकोच करू नये. मुलाला ताप आला तर आपण लपवीत नाही. मनाचा ताप का लपवावा? आपल्या देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ मध्ये मुंबईत, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने सुरू केले. तेव्हापासून ही सोय वाढत आली आहे. जिल्हा रुग्णालये आणि झाशीसारख्या शहरांतील वैद्यकीय महाविद्यालये येथे चौकशी करता येते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक घरच्या पंचांगाशेजारी लिहून ठेवावेत.

धैर्य म्हणजे भीतीचा अभाव, अशी आपली एक भाबडी समजूत असते, आणि मुलाने तसे निर्भय व्हावे अशी आपली अपेक्षा असते. ती खरी नव्हे. भीती वाटत असतानाही पाऊल उचलता येणे म्हणजे धैर्य. आणि कोणी तरी बरोबर आहे ह्या अनुभवातूनच ते मुलात रुजते. हा अनुभव देण्यासाठी राजवाडा लागत नाही, फार मोठी विद्वत्ता लागत नाही, पैसा तर मुळीच लागत नाही. उद्या सकाळी आपल्या घरातले मूल पोट धरून बसले, तर घड्याळाकडे पाहण्यापूर्वी दोन मिनिटे त्याच्याजवळ बसावे आणि काय झाले ते विचारावे. उत्तर लगेच येणार नाही. परवाही विचारावे. तेरवाही विचारावे. विचारणारे माणूस कंटाळत नाही, अशी मुलाची खात्री पटली की एक दिवस ते आपण होऊन बोलू लागते.